सिनेमा बघायला ग्राफिक्स कार्ड कशाला?

वेळापूर-अकलूज भागात हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला कॉम्प्युटर जोडायचा विषय निघाला, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "मग कार्ड टाकावं लागेल." कशासाठी? तर ‘फोर-के’साठी. हे ऐकून कान किटले आहेत. या एका वाक्यापायी लोक नको त्या वस्तूत पैसे घालतात.

वारीतल्या खुडूस फाट्यावरच्या रिंगणाचं ड्रोनने घेतलेलं फोर-के चित्रीकरण टीव्हीवर लावलं, आणि अश्व दौडू लागताच चित्र अडकायला लागलं. लगेच कार्डाचं नाव निघतं. पण असं चित्रीकरण बऱ्याचदा एचईव्हीसी, म्हणजे एच.265 पद्धतीने दाबून साठवलेलं असतं, आणि ते उलगडणारा खास भाग प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्समध्येच असतो. इंटेलने हा भाग ‘क्विक सिंक’ नावाने 2011 साली आणला. 2015च्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये त्यात एचईव्हीसी आलं, सातव्या पिढीपासून एचडीआरला लागणारं 10 बिटचंही. एएमडीच्या ‘जी’ अक्षराच्या रायझनमध्ये ही सोय 2018पासून आहे.

विश्वास बसत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू उघडा आणि व्हिडिओ लावा. ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख वर चढेल, प्रोसेसर जवळजवळ निवांत राहील. आलेख हललाच नाही, तर डिव्हाइस मॅनेजर बघा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसलं, तर विंडोज टाकणाऱ्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकलेलाच नाही! तो फुकट मिळतो. ड्रायव्हर ठीक असेल, तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये ‘हार्डवेअर डीकोडिंग’ चालू आहे का, तेवढं बघायचं.

खरा संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. ‘स्वस्तात मस्त’ म्हणून गळ्यात मारतात ते एनव्हिडियाचं जीटी 710 कार्ड केप्लर घराण्यातलं. ते घराणं 2012चं, आणि एचईव्हीसीचं मानक ठरलं 2013 मध्ये. एनव्हिडियाच्याच तक्त्यात केप्लरपुढे एचईव्हीसी नाही. त्याचं एचडीएमआयही जुनं, फोर-के सेकंदाला 30 चित्रांपर्यंतच. म्हणजे इंटेलच्या सातव्या पिढीच्या प्रोसेसरला हे कार्ड जोडून टीव्हीची वायर त्यात खोचली, की पैसे मोजून सोय कमी करून घेतली.

‘कार्ड 4 जीबीचं आहे’ याला सिनेमाच्या बाबतीत काही अर्थ नाही. कार्डाने आवाज सुधारत नाही; डॉल्बीचा आवाज एचडीएमआयमधून जसाच्या तसा पुढे जातो आणि रिसीव्हर तो उलगडतो. नेटफ्लिक्सचं फोर-के नुसतं कार्ड टाकून मिळत नाही. प्लॅन, ब्राउझर आणि टीव्हीतली एचडीसीपी 2.2 ही कॉपी रोखणारी सोय, हे सगळं जुळावं लागतं. त्यापेक्षा टीव्हीतलं अ‍ॅप बरं.

कार्ड कधीच लागत नाही, असं मात्र नाही. गेम खेळायचे असतील, मॅडव्हीआरसारखं चित्र सुधारणारं जड सॉफ्टवेअर वापरायचं असेल, किंवा इंटेलचा प्रोसेसर सहाव्या पिढीच्या आधीचा असेल तर घ्या. पण किमान जीटी 1030 तरी घ्या. मदरबोर्डचं एचडीएमआय 1.4 असेल, तर फोर-के सेकंदाला 30 चित्रांवर अडतं. सिनेमा बहुधा 24 चित्रांचा असल्याने चालून जातं, क्रिकेटला मात्र खटकतं. आणि इंटेलच्या प्रोसेसरच्या नंबरापुढे ‘एफ’ असेल, उदाहरणार्थ 12400एफ, तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतंच. थोड्या पैशांसाठी तो घेतला, की कार्डाचा खर्च आलाच. म्हणून बिल करण्याआधी प्रोसेसरचा नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून घ्या.