आंजीची भिंत, मुंबईतली साक्ष

‘पीआरसी येतेय’ एवढं कानावर पडलं की जिल्हा परिषदेत रजा रद्द होतात. कपाटावरचे गठ्ठे खाली उतरतात, शाळांच्या भिंतींना रंग लागतो, आरोग्य केंद्रातला औषधसाठा नोंदवहीशी जुळवला जातो. ग्रामसेवक रोकडवही पूर्ण करत रात्र जागवतो. (२०२४ पासून त्याचं पदनाम ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं आहे, गावाला मात्र अजून ग्रामसेवकच ठाऊक आहे.) पीआरसी म्हणजे विधिमंडळाची पंचायत राज समिती. दोन्ही सभागृहांतले आमदार तिच्यात असतात. जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आणि ग्रामपंचायतींनी पैसा नियमानं खर्च केला की नाही, हे तपासणं तिचं काम. लोकलेखा समिती, अंदाज समिती आणि सार्वजनिक उपक्रम समिती या तिच्या थोरल्या बहिणी. पण खेड्यातल्या माणसाच्या दारापर्यंत पोहोचते ती हीच.

ही तपासणी खरोखर कशी चालते, हे मुंबईपेक्षा गावातून पाहिलेलं बरं. वर्ध्याहून आर्वीच्या रस्त्यानं निघालं की आंजी (मोठी) लागते. धाम नदीकाठचं, कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातलं गाव. इथलं प्राथमिक आरोग्य केंद्र वैद्यकीय जगात बऱ्यापैकी ओळखीचं आहे, कारण सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे विद्यार्थी ग्रामीण आरोग्याचे धडे याच परिसरात गिरवतात. समजा, या केंद्राच्या आवाराला जिल्हा परिषदेनं संरक्षक भिंत बांधली. भिंत माझ्या कल्पनेतली आहे, कागद मात्र खरे.

आधी अंदाजपत्रक, मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. काम झालं की शाखा अभियंता मोजमाप पुस्तिकेत लांबी-रुंदी-उंची लिहितो. त्या नोंदीवर देयक निघतं आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र जोडलं की फाइल बंद होते. पुढे कधीतरी स्थानिक निधी लेखा परीक्षा विभागाचे लोक येतात. त्यांचा कायदा १९३०चा, मुंबई इलाख्याच्या काळातला. एकच काम तीन तुकड्यांत पाडून निविदा टाळली, असं त्यांना दिसलं की आक्षेप निघतो. त्यासमोर रक्कम लिहिली जाते: आक्षेपाधीन इतकी, वसूलपात्र इतकी. जिल्हा परिषद खुलासा करते. तो पटला तर आक्षेप निकाली. नाहीतर गंभीर स्वरूपाचे परिच्छेद ‘लेखापरीक्षा पुनर्विलोकन अहवाला’त जातात आणि तो अहवाल पंचायत राज समितीपुढे येतो.

आता तारखा पाहू. २०२१ मध्ये समिती जिल्ह्याजिल्ह्यांत फिरत होती, तेव्हा तिच्या हातात २०१६-१७चे पुनर्विलोकन अहवाल आणि २०१७-१८चे वार्षिक प्रशासन अहवाल होते. म्हणजे भिंत बांधली त्यानंतर चार-पाच वर्षांनी प्रश्न विचारला जातो. शाखा अभियंता दोन बदल्यांपलीकडे गेलेला, ठेकेदाराची अनामत परत झालेली. जो मुख्य कार्यकारी अधिकारी साक्षीला बसतो, त्यानं ती भिंत पाहिलेलीही नसते. तो म्हणतो, ‘माझ्या कार्यकाळातलं नाही, माहिती घेऊन सादर करतो.’ समिती म्हणते, पंधरा दिवसांत करा. हे संवाद आता दोन्ही बाजूंना पाठ असावेत.

दौऱ्याचा साचाही ठरलेला असतो. पहिल्या दिवशी स्थानिक लोकप्रतिनिधींशी चर्चा आणि लेखापरीक्षेच्या परिच्छेदांवर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष. दुसऱ्या दिवशी आमदारांचे गट पाडून पंचायत समित्या, शाळा, अंगणवाड्या आणि आरोग्य केंद्रांच्या भेटी. तिसऱ्या दिवशी वार्षिक प्रशासन अहवालावर साक्ष. वर्तमानपत्रांत गाजतो तो दुसरा दिवस. आमदार पोरांना पाढे विचारतात, पोरगं अडतं, गुरुजींची खरडपट्टी निघते, फोटो छापून येतो. गुरुजींची बाजू कुणी विचारत नाही, कारण साक्ष गुरुजींची नसतेच. मला हा दुसरा दिवस पूर्ण अनावश्यक वाटतो असं नाही. कुलूप लागलेलं उपकेंद्र कागदावर दिसत नाही, ते जाऊनच पाहावं लागतं. पण समितीचं खरं बळ बंद खोलीत, परिच्छेद क्रमांक आणि पान क्रमांक हातात घेऊन विचारलेल्या प्रश्नात असतं. आणि त्याहून जास्त ते दौऱ्यानंतर मुंबईत विधानभवनात होणाऱ्या विभागीय सचिवांच्या साक्षीत असतं. तिथे जिल्ह्याचा अधिकारी नसतो, मंत्रालयाचा माणूस असतो. ‘माझ्या कार्यकाळातलं नाही’ हे उत्तर त्याला शोभत नाही.

समिती कुणाला निलंबित करू शकत नाही, वसुलीही करू शकत नाही. ती शिफारस करते. त्यावर काय केलं, हे विभागानं ठराविक मुदतीत कळवायचं. तिच्यापुढे खोटं सांगितलं किंवा कागद दडवले तर तो विशेषाधिकारभंग ठरू शकतो. एवढाच काय तो तिचा दंडुका. म्हणून तिची सगळी पत तिच्या वागण्यावर उभी असते आणि इथेच गाडं अडतं.

२१ मे २०२५च्या रात्री धुळ्याच्या ‘गुलमोहर’ शासकीय विश्रामगृहातल्या १०२ क्रमांकाच्या खोलीत सुमारे १ कोटी ८४ लाख रुपयांची रोकड सापडली. विधिमंडळाची अंदाज समिती त्या वेळी धुळ्याच्या दौऱ्यावर होती. माजी आमदार अनिल गोटे खोलीबाहेर ठिय्या देऊन बसले होते. हा पैसा समितीच्या सदस्यांसाठी गोळा केला, असा त्यांचा आरोप. समितीचे अध्यक्ष अर्जुन खोतकर यांनी तो फेटाळला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विशेष तपास पथकाची घोषणा केली. पैसा कुणाचा आणि कुणासाठी, हे तपासानं ठरावं. पण त्या रात्रीनं एक जुनी कुजबूज जगजाहीर केली: समिती यायची म्हटली की खात्याखात्यांतून वर्गणी जमते, ही. जो अधिकारी समितीची सोय करतो त्यालाच उद्या समितीपुढे उत्तर द्यायचं असतं. वाहनं त्यानं उभी करायची, जेवणावळी त्यानं पाहायच्या आणि सकाळी आक्षेपांची उत्तरंही त्यानंच द्यायची. वधूपक्षाच्या घरी उतरून हुंड्याची चौकशी करण्यातला हा प्रकार आहे.

धुळ्याला महिना होतो न होतो तोच, २३ आणि २४ जून २०२५ रोजी, मुंबईच्या विधानभवनात देशभरातल्या अंदाज समित्यांचं संमेलन भरलं. संसदेच्या अंदाज समितीला पंचाहत्तर वर्षं झाली, त्यानिमित्त लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला आले होते. तिथल्या जेवणाची ताटं चांदीची की चांदीच्या मुलाम्याची, यावर वाद रंगला. सरकारी खर्चात काटकसर कुठे करता येईल, हे शोधणं अंदाज समितीच्या मूळ कामातच आहे. यावर मी वेगळं काही लिहायची गरज नाही.

तरीही या समित्यांना निकालात काढणं चूक ठरेल. त्यांची गरज का पडली, ते इतिहासात आहे. ब्रिटनमध्ये लोकलेखा समिती १८६१ साली, ग्लॅडस्टन अर्थमंत्री असताना आली. आपल्याकडे १९२१ मध्ये, माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमागोमाग. पण सरकार स्वतः कारखाने, विमा आणि वीज चालवू लागलं तेव्हा नवा पेच आला. महामंडळ सरकारी पैशाचं, कारभार मात्र स्वायत्त. प्रश्न विचारला की मंत्री म्हणणार, ‘हा मंडळाचा दैनंदिन कारभार आहे.’ डिसेंबर १९५७ मध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत ही ढाल फोडली. आयुर्विमा महामंडळानं उद्योगपती हरिदास मुंधडा यांच्या सहा कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रक्कम गुंतवली होती आणि त्यासाठी स्वतःच्या गुंतवणूक समितीला विचारलं नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत भर लोकांसमोर चौकशी चालवली आणि काही आठवड्यांत संपवली. अर्थमंत्री कृष्णमाचारी यांना जावं लागलं. सार्वजनिक उपक्रमांसाठी वेगळी संसदीय समिती हवी, ही मागणी त्याआधीचीच. या प्रकरणानं तिला बळ आलं आणि १९६४ मध्ये ती समिती झाली. राज्यांनीही पुढे तशाच समित्या केल्या.

महामंडळाच्या आडोशाला काय काय घडू शकतं, हे पाहायला वर्धेकरांना दिल्लीला जावं लागत नाही. आर्वी तालुक्यात धनोडीजवळ निम्न वर्धा धरण आहे. ते विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाचं. महामंडळाचा कायदा १९९७चा, त्याच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष खुद्द जलसंपदामंत्री. २००९ मध्ये अवघ्या काही महिन्यांत या महामंडळाच्या ३८ प्रकल्पांच्या किमती ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेल्या. त्यात निम्न वर्धाही होता. तो सुमारे साडेनऊशे कोटींवरून साडेतेवीसशे कोटींच्या घरात पोहोचला. बोभाटा झाला तो २०१२ मध्ये. मग श्वेतपत्रिका, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालचं पथक, महालेखापरीक्षकांचा अहवाल, न्यायालयं हे सगळं ओळीनं आलं. महामंडळांवर नजर ठेवायला विधिमंडळात एक समिती तेव्हाही होती. पण सुधारित किमतीचा कागद ज्या आठवड्यात सह्यांसाठी फिरत होता, त्या आठवड्यात तिच्यापुढे जात नव्हता आणि आजही जात नाही. समिती लेखापरीक्षेमागून चालते, लेखापरीक्षा खर्चामागून. या क्रमात खर्च थांबवण्याची जागाच नाही.

खर्च होत असतानाच विचारणारं कुणी असावं, म्हणून तर जिल्हा परिषदा होत्या. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात पंचायत राज आलं. त्यात निवडून आलेल्या सदस्यांची स्थायी समिती, बांधकाम समिती, आरोग्य समिती होती. आंजीच्या भिंतीचा दर का वाढला, हे विचारणारा सदस्य महिन्या-दोन महिन्यांनी त्याच टेबलावर बसायचा आणि तो बहुधा शेजारच्या गावचा असायचा. वर्धा जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांचं आरक्षण, गटरचना आणि न्यायालयातली प्रकरणं यांत निवडणुका अडकल्या आणि प्रशासक आला. प्रशासक म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारीच. खर्चाचा प्रस्ताव त्याच्या यंत्रणेनं मांडायचा आणि सर्वसाधारण सभेच्या जागी मंजुरीही त्यानंच द्यायची. असा कारभार वर्षानुवर्षे चालतो, तेव्हा लोकांनी निवडून दिलेला एकच तपासनीस शिल्लक उरतो: पाच वर्षं उशिरा येणारी पंचायत राज समिती. तिचं महत्त्व वाढलं आहे ते अशा उलट्या कारणानं.

समित्यांचं कामकाज बंद दाराआड चालतं, याचं समर्थन असं दिलं जातं की पक्ष बाजूला ठेवून आमदार मोकळेपणानं बोलतात. त्यात तथ्य आहे. विरोधी आणि सत्ताधारी मिळून एकमतानं अहवाल देतात, असं सभागृहात सहसा होत नाही. पण ब्रिटिश लोकलेखा समितीनं १२ नोव्हेंबर २०१२ रोजी गुगल, ॲमेझॉन आणि स्टारबक्सच्या अधिकाऱ्यांना कराबद्दल खडसावलं, ते टीव्हीसमोर. महिन्याभरात स्टारबक्सनं दोन वर्षांत दोन कोटी पौंड भरायची तयारी दाखवली. त्या समितीलाही कर वसूल करायचा अधिकार नव्हता. आपल्या समितीपुढची सचिवांची साक्ष तरी दाखवायला हरकत नसावी. गुरुजींना पाढे विचारतानाचा फोटो चालतो, तर सचिवांचं उत्तरही चालेल.

आंजीच्या माणसाला मात्र समितीच्या दौऱ्याची वाट पाहत बसण्याची गरज नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं आठवं कलम सांगतं की आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत ग्रामसभा घ्यायची आणि तिच्यापुढे वार्षिक हिशेब, प्रशासन अहवाल, शेवटची लेखापरीक्षा टिपणी आणि तिला दिलेली उत्तरं ठेवायची. बहुतेक ठिकाणी ही १ मेची ग्रामसभा असते. घरकुलाच्या यादीवरून गदारोळ चाललेला असतो आणि त्यातच ‘लेखापरीक्षा टिपणीचे वाचन करण्यात आले’ हे वाक्य इतिवृत्तात जाऊन बसतं. टिपणी कुणी ऐकलेली नसते. ती मोठ्यानं वाचायला लावणं आणि उत्तरांसकट इतिवृत्तात उतरवून घेणं, हा गावाचा हक्क आहे. त्याला आमदार लागत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातली नाली ग्रामपंचायतीनं बांधली असेल, तर तिचा आक्षेप याच टिपणीत सापडेल.

आपली भिंत जिल्हा परिषदेची आहे, म्हणून ती या टिपणीत येणार नाही. तिच्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो: दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, प्रतीसाठी पानाला दोन रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही माफ. अर्जात बाकीचं काही न मागता मोजमाप पुस्तिकेची प्रत तेवढी मागावी. भिंतीची लांबी, उंची, जाडी आणि पायाची खोली तिच्यात आकड्यांत लिहिलेली असते. पाया सोडला, तर बाकीचे आकडे गावातल्या कुणालाही टेप लावून ताडून पाहता येतात.