बॅटरी डाऊन, दादा!

रात्रीचे साडेअकरा. हिंजवडी फेज टूचं सुनसान पार्किंग, मोबाइल चार टक्क्यांवर, घरी आई जागी, आणि किल्ली फिरवली की गाडी नुसती ‘टक्-टक्’! आतला दिवा दिवसभर चालू राहिलेला. मी पर्समधली पॉवर बँक काढली. ‘‘काका, यानं नाही होणार?’’ वॉचमनकाका हसले. आईला फोन तेवढा झाला.

पॉवर बँक देते ५ व्होल्ट, दोन-तीन अँपिअर. स्टार्टर मोटरला क्षणभरच, पण शेकडो अँपिअर लागतात. शेवटी एका कॅबवाल्या दादांनी डिकीतून वहीएवढा जंप स्टार्टर काढला. ‘‘ताई, लाल चिमटा प्लसला, काळा इंजिनच्या उघड्या लोखंडाला. उलटं लावलंत की खर्च!’’ पहिल्याच फटक्यात गाडी सुरू.

आता माझ्याकडेही एक आहे. घेताना डब्यावरच्या ‘पीक अँप’ला भुलू नका, आपल्या इंजिनाला चालेल का ते विचारा, डिझेलला जोर जास्त लागतो. दोन-तीन महिन्यांनी चार्ज करा (मी विसरते!). भर उन्हात गाडीत मात्र ठेवू नका, आत लिथियम असतं.

आणि हो, सुरू झालेली गाडी लगेच बंद करू नका. मी त्या रात्री वाटेतच पेट्रोल पंपावर केली. पुन्हा ‘टक्-टक्’!