तळमजल्यावरचे अंगण

‘‘तळमजला? नको गं बाई!’’ फ्लॅट बघायला निघालेल्या कुठल्याही कुटुंबात हे वाक्य हमखास ऐकू येते. ओल, डास, उंदीर, चोरांची भीती, वरून पडणारा कचरा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या घरात डोकावणाऱ्या नजरा! तक्रारींची यादी तयारच असते. पण याच तळमजल्याकडे एक गोष्ट अशी असते, जी दहाव्या मजल्यावर कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही. दार उघडून पाऊल टाकले की पायाखाली माती लागते.

चेन्नईच्या अण्णा नगरात राहणाऱ्या माझ्या मावशीने या मातीसाठीच तळमजला पसंत केला. काका निवृत्त झाले, मावशीचे गुडघे कुरकुरू लागले आणि जुन्या इमारतीला लिफ्ट नव्हती. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे राहते घर विकून त्यांनी त्याच इमारतीतला तळमजल्याचा फ्लॅट घेतला. फ्लॅट जुना, अंधारा आणि ओलसर होता. आज तिथे गेलात तर एखाद्या जुन्या श्रीमंत वाड्यात आल्यासारखे वाटेल. चकचकीत रंगीत फरशी, बर्मी सागाचे नक्षीदार दार आणि त्या दाराबाहेर फुललेली बाग. पण हे वैभव उभे करताना दोघांना काय काय शिकावे लागले, ते ऐकण्यासारखे आहे.

जत्रेतून उभे राहिलेले नगर

अण्णा नगर हा चेन्नईतला आखीव-रेखीव भाग. १९६८ मध्ये इथल्या मोकळ्या जागेवर आंतरराष्ट्रीय व्यापार आणि उद्योग प्रदर्शन भरले होते. त्या वेळी बांधलेला, गोल फिरत वर नेणाऱ्या चढणीचा उंच मनोरा आजही अण्णा नगरची खूण आहे. २०११ पासून तो लोकांसाठी बंद होता, २०२३ मध्ये पुन्हा उघडला. पुढे तमिळनाडू गृहनिर्माण मंडळाने इथे रुंद रस्ते आणि ओळीने झाडे असलेली वसाहत वसवली. नाव मिळाले ते १९६९ मध्ये निधन पावलेल्या मुख्यमंत्री अण्णादुराई यांचे.

सुरुवातीला इथे बंगले होते. हळूहळू त्यांच्या जागी तीन-चार मजली इमारती आल्या. इमारत आणि कुंपणाची भिंत यांमध्ये नियमाप्रमाणे मोकळी सोडलेली पट्टी मात्र राहिली. मावशीची बाग म्हणजे अशीच एक पट्टी.

आधी जमिनीखालचे बघा

‘‘आम्ही पहिल्या दिवशी फरशी बघायला निघालो होतो,’’ मावशी हसत सांगते, ‘‘आणि पहिला पैसा खर्च झाला तो दिसतच नाही अशा कामावर!’’

जुने कपाट हलवले तेव्हा मागच्या भिंतीवर हातभर उंचीवर एक मळकट रेघ निघाली. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नईत महापूर आला, तेव्हाच्या पाण्याची ती खूण होती. अण्णा नगरातून ओट्टेरी नाला वाहतो, दक्षिणेला कूवम नदी आहे. पाऊस तुंबला की पहिला पाहुणचार तळमजल्यालाच करावा लागतो. त्या एका रेघेने घराचा सगळा आराखडा बदलला.

विजेचे सगळे प्लग-पॉइंट त्या रेघेच्या वर नेले. इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी भिंतीत बसवलेल्या दगडी फळीवर गेली. ओट्याखाली प्लायवूडची कपाटे न करता ग्रॅनाइटचे कप्पे केले, कारण प्लायवूड एकदा भिजून फुगले की ते फेकण्याच्याच लायकीचे उरते. बाथरूमच्या सांडपाण्याच्या नळाला एकाच दिशेने उघडणारी झडप बसवली, म्हणजे गटार तुंबले तरी घाण पाणी उलटे घरात येत नाही.

दुसरा शत्रू ओलीचा. पायाखालच्या मातीतले पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे विटांतून वर चढते. साधारण कमरेएवढ्या उंचीपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटतात आणि क्षारांची पांढरी भुकटी दिसू लागते. अशा भिंतीवर नुसता महागडा रंग देणे म्हणजे तापावर पावडर लावणे! काकांनी तिथपर्यंतचा जुना गिलावा खरवडून काढला. भिंतीच्या तळाशी ओळीने भोके पाडून ओल अडवणारे रसायन भरले, नवा गिलावा केला आणि तो पुरता वाळेपर्यंत काही आठवडे रंगाचे नावही काढले नाही. वाळवीसाठीही जमीन आणि भिंत मिळतात त्या सांध्यावर भोके पाडून औषध सोडले. ही दोन्ही कामे नवी फरशी बसण्याआधी करायची असतात. नंतर सुचले तर फरशीच फोडावी लागते.

तळमजला घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. रस्त्यावर उभे राहून घराचा उंबरठा किती वर आहे ते बघावे. डांबराचे थरावर थर चढत गेले की रस्ता वर येतो आणि घर खड्ड्यात जाते. जुना थर खरवडून मगच नवा टाकावा, अशी सूचना तमिळनाडूच्या मुख्य सचिवांना २०२१ मध्ये काढावी लागली. मुंबई-पुण्याच्या वाचकांनाही हे दुखणे नवीन नाही.

भिंत पाडण्यापूर्वी

जुन्या फ्लॅटच्या खोल्या लहान. मावशीला बैठक आणि जेवणघर एक करून मोठा दिवाणखाना हवा होता. कंत्राटदार म्हणाला, ‘‘एका दिवसात भिंत काढून देतो.’’ पण काकांनी आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावले.

तळमजल्यावर ही काळजी दुप्पट घ्यायला हवी, कारण वरच्या सगळ्या मजल्यांचा भार तिथल्या खांबांवर आणि तुळयांवर असतो. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपरला एक चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप त्या वेळी झाला होता. आपल्या दिवाणखान्याची शोभा वरच्या कुटुंबांच्या जिवावर बेतू शकते, हे त्या दिवशी महाराष्ट्राने पाहिले.

इंजिनिअरने नकाशा तपासला आणि सांगितले, की मधली भिंत नुसती आडोशाची आहे, ती काढता येईल. स्वयंपाकघराकडच्या खांबाला मात्र हातोडीही लावायची नाही. हे सगळे लेखी घेऊन काकांनी त्याची प्रत इमारतीच्या असोसिएशनला दिली. नको असलेला तो खांब आता मावशीने आरशांनी मढवलेला नाही की प्लास्टर ऑफ पॅरिसने लपवलेला नाही. त्याला टेकून तिने जुना लाकडी झोपाळा टांगण्याची चौकट उभी केली आहे. येणारा प्रत्येक जण आधी तिथेच बसतो!

थाट दक्षिणेचा

मग आली सजावट. इटालियन संगमरवराऐवजी मावशीने आत्तंगुडीची फरशी निवडली. चेट्टिनाड भागातल्या आत्तंगुडी गावात ती हाताने बनते. काचेच्या तुकड्यावर साचा ठेवून त्यात रंगीत सिमेंट ओततात, वरून वाळू-सिमेंटचा थर देतात. काचेमुळेच तिला गुळगुळीत चमक येते. ही फरशी जितकी पायाखाली येईल आणि पुसली जाईल तितकी उजळत जाते. मात्र लिंबू, चिंच, ॲसिड यांचे डाग तिला सोसत नाहीत, म्हणून स्वयंपाकघरात ती टाळली.

दार आले कारैक्कुडीच्या जुन्या बाजारातून. चेट्टिनाडचे मोठमोठे वाडे पाडले गेले की त्यांची बर्मी सागाची दारे, खांब तिथे विकायला येतात. दाराबाहेर बारीक जाळीचे दुसरे दार आहे, डासांसाठी. खिडक्यांना गज आहेत, पण एका खिडकीचा गज आतून उघडता येतो. चोराच्या भीतीने घराचा पिंजरा केला आणि आग लागली तर बाहेर पडायचे कुठून, हा विचार आपल्याकडे फार थोडे लोक करतात.

बागेला पाणी कुठले?

‘‘मला हिरवळ हवी होती,’’ मावशी कबूल करते, ‘‘कार्पेटसारखी!’’

पण चेन्नईत पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणारे चारही तलाव जवळजवळ कोरडे पडले होते. त्या वर्षी जुलैमध्ये जोलारपेट्टैहून पन्नास वाघिणींतून सुमारे २५ लाख लिटर पाणी घेऊन आगगाडी आली ती अण्णा नगरच्या शेजारच्या विल्लिवाक्कम स्टेशनावर. शेजारी रेल्वेने पिण्याचे पाणी येत असताना हिरवळीवर फवारे उडवायचे? मावशीने गवताचा हट्ट सोडला.

आता बागेत आहेत पारिजातक, जास्वंद, मोगरा, कढीलिंब, पानओवा, तुळस आणि एका कोपऱ्यात केळ. केळीला धुण्याभांड्याचे नव्हे, फक्त न्हाणीचे पाणी मिळते. आणि कुंपणाशी आहे अबोली! आपल्या कोकण-गोव्याच्या वेणीतली ही अबोली चेन्नईत ‘कनकांबरम’ नावाने घराघरांत माळतात. ‘‘माहेरची मैत्रीण भेटावी तसं झालं मला,’’ मावशी म्हणते.

इथले बागकामाचे वेळापत्रकही आपल्यापेक्षा वेगळे. आपल्याकडे पाऊस जूनमध्ये येतो, चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमधला. त्यामुळे नवी रोपे लावायची ती नवरात्र-दिवाळीच्या सुमारास. भिंतीलगत वड, पिंपळ, बदाम यांना थारा नाही, कारण त्यांची मुळे पायात आणि सांडपाण्याच्या नळांत शिरतात. मातीही भिंतीला चिकटून चढवलेली नाही. मध्ये हातभर रुंदीची खडीची पट्टी ठेवली आहे, म्हणजे झाडांना घातलेले पाणी घरात ओल होऊन येत नाही.

बागेच्या मध्यभागी सिमेंटचे एक गोल झाकण दिसते. ते पाऊसपाणी जिरवण्याच्या खड्ड्याचे. तमिळनाडूने २००३ मध्ये प्रत्येक इमारतीला पाऊसपाणी साठवणे किंवा जिरवणे सक्तीचे केले. गच्चीवरचे पाणी नळाने या खड्ड्यात उतरते. कंत्राटदाराने सुचवले होते, ‘‘हे झाकून टाकू, वर ग्रॅनाइट बसवू, झाडलोटीची कटकट नाही.’’ काकांनी साफ नकार दिला. बसायला हवी तेवढीच जागा दगडाने बांधली, तीही सांध्यांत माती ठेवून.

बाग कुणाची?

एवढे सगळे झाल्यावर मावशीला एकच उणीव वाटत होती. बागेला चांगली उंच भिंत आणि कुलपाचे फाटक हवे होते. विटा येऊन पडल्या. त्याच संध्याकाळी पहिल्या मजल्यावरच्या मामी खाली आल्या. (तिथे शेजारच्या वडीलधाऱ्या बाईंना मामीच म्हणतात.) त्यांनी भांडण केले नाही. एवढेच विचारले, ‘‘ही जमीन तुमच्या एकटीची आहे का?’’

मावशी चिडली. पैसे भरून घेतलेले घर! पण काकांनी खरेदीखत काढून वाचले. चेन्नईत फ्लॅटबरोबर जमिनीतला अविभक्त हिस्सा नावावर होतो. म्हणजे सगळ्या जमिनीत सगळ्यांचा वाटा, अमुक एक कोपरा अमक्याचा असे नाही. त्यांच्या खतात बागेविषयी एक शब्दही नव्हता. आधीच्या मालकाने ‘बागेसह’ म्हणून सांगितले आणि यांनी विश्वास ठेवला होता.

ही चूक आपल्याकडेही सर्रास होते. बिल्डरच्या माहितीपत्रकात ‘खासगी बाग’ छापलेले असते, मंजूर नकाशात मात्र तीच जागा सामाईक असते. मुंबईच्या पांचाली गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले, की इमारतीखालची स्टिल्टमधली पार्किंगची जागा बिल्डरला फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही. २०१६ च्या रेरा कायद्यानेही गच्च्या, उद्याने, खेळायच्या जागा सामाईक जागांत धरल्या आहेत. म्हणून तळमजला घेण्याआधी मंजूर नकाशा आणि खरेदीखत यांत बागेबद्दल काय लिहिले आहे, ते वकिलाकडून वाचून घ्यावे. मागाहून कुंपण घालून हक्क तयार होत नाही.

विटा परत गेल्या. पण गोष्ट तिथे संपली नाही. काका असोसिएशनच्या सभेत गेले आणि म्हणाले, ‘‘जमीन सगळ्यांची आहे हे मान्य. पण ती इतकी वर्षं उकिरड्यासारखी पडली होती. सांभाळायची जबाबदारी आम्ही घेतो.’’ बरीच चर्चा झाली. शेवटी ठराव झाला. बागेचा वापर आणि निगा तळमजल्याकडे, खर्चही त्यांचा. पक्के बांधकाम करायचे नाही, खड्ड्याची आणि पाण्याच्या टाकीची सफाई करायला रस्ता मोकळा ठेवायचा, फाटकाला कुलूप घालायचे नाही.

उंच भिंतीऐवजी बांबूची जाळी आली, तिच्यावर मोगऱ्याचा वेल चढला. आडोसाही झाला आणि वाराही अडला नाही. आणखी एक गंमत झाली. वरून पडणारा कचरा बंद झाला. आपणच ठराव केलेल्या बागेत केळीचे साल कोण टाकणार?

मी तिथे होते त्या दिवशी पहाटे फाटकाची कडी वाजली. खिडकीतून पाहिले, तर मामी परडी घेऊन पारिजातकाखाली वाकून फुले वेचत होत्या. मावशी आतून ओरडली, ‘‘मामी, कॉफी टाकलीय, थांबा!’’ मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘भिंत बांधली असती ना, तर ही सगळी फुलं मला एकटीला झाडून टाकावी लागली असती.’’

फरशी, दार, झोपाळा यांची मी मनापासून तारीफ केली होती. पण त्या घरातली सगळ्यात श्रीमंत वस्तू मला कोणती वाटली म्हणाल, तर ती बिनकुलपाची कडी.