रात्रीच्या बॅचचा हिशेब

मेनफ्रेम संगणकावर दोन तऱ्हेची कामे चालतात. ग्राहक एटीएमपुढे उभा असताना तत्काळ उत्तर द्यावे लागते, ते ऑनलाइन काम. दिवसभराचे व्यवहार साठवून ते एकगठ्ठा उरकले जातात, ते बॅच काम. व्याजाची आकारणी, कर्जाचे हप्ते, खातेउतारे ही बॅचची कामे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा त्यावरील गणितेही पंच कार्डांचे गठ्ठे लावून अशीच ओळीने केली जात.

ही पद्धत आज खेड्यापाड्यांतल्या खात्यांपर्यंत पोचली आहे. गोंदिया जिल्ह्यातील केशोरीच्या एखाद्या खातेदाराला एनईएफटीने पैसे येतात, ते रिझर्व्ह बँकेच्या अर्ध्या तासाच्या बॅचमधून. १६ डिसेंबर २०१९ पासून ही सेवा अहोरात्र चालते आणि दिवसाला ४८ बॅच होतात.

मोठ्या बँकेत एका रात्रीत बॅचचे हजारो जॉब, म्हणजे सुटी कामे, चालतात. ते ठरलेल्या वेळेत, म्हणजे ‘बॅच विंडो’मध्ये, संपवावे लागतात. ते साधते की नाही हे कळते नोंदींवरून. आयबीएमच्या झेड/ओएस प्रणालीत एसएमएफ नावाची सोय सतत नोंदी लिहीत असते. त्यातील ३० क्रमांकाची नोंद म्हणजे प्रत्येक जॉबची जन्मपत्रिकाच: जॉब कधी दाखल झाला, कधी सुरू झाला, कधी संपला, प्रोसेसरचा किती वेळ लागला, डिस्कवर किती वाचन-लेखन झाले आणि शेवट कोणत्या कोडने झाला. एस३२२ कोड आला, तर जॉबने ठरवून दिलेली प्रोसेसर-वेळेची मर्यादा ओलांडली. एस०सी७ आला, तर बहुधा आकड्याच्या जागी भलतीच माहिती आली.

या नोंदींचा पहिला उपयोग म्हणजे उशिराचे कारण शोधणे. समजा, एका जॉबला ९० मिनिटे लागली आणि प्रोसेसरवरचा वेळ फक्त २० मिनिटे निघाला. उरलेली ७० मिनिटे तो बहुधा डिस्कसाठी, टेपसाठी किंवा दुसऱ्या जॉबने अडवलेल्या फाइलसाठी थांबला असणार. धान खरेदी केंद्रावर गोदाम भरलेले असताना वजनकाटे वाढवून रांग हटत नाही. तसेच अशा वेळी वेगवान प्रोसेसर घेऊन फारसे काही साधत नाही.

दुसरा उपयोग जॉबची साखळी ओळखण्याचा. एक संपल्याशिवाय दुसरा सुरू होत नाही, अशा जॉबच्या सर्वांत लांब साखळीवर रात्रीचा शेवट अवलंबून असतो. साखळीबाहेरचा जॉब अर्ध्या वेळात बसवला, तरी बॅच लवकर संपत नाही. साखळीतला जॉब दहा मिनिटांनी कमी झाला, तर तो फायदा थेट शेवटापर्यंत पोचू शकतो.

तिसरा उपयोग खर्चाचा. आयबीएमच्या सॉफ्टवेअर भाड्याच्या एका रुळलेल्या पद्धतीत महिन्यातील सलग चार तासांच्या सरासरी वापराचा उच्चांक धरला जातो. तातडीचे नसलेले जॉब त्या गर्दीच्या वेळेतून बाजूला काढले, तर यंत्र तेच राहून बिल उतरते. महिनाअखेर आणि ३१ मार्चचा भार किती वाढतो, हे मागील वर्षांच्या नोंदींवरून आधीच कळते आणि क्षमतेची तयारी करता येते.

बॅच कोलमडली तर काय होते, हे जून २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये दिसले. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूहात जॉबचे वेळापत्रक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बदलात बिघाड झाला आणि सुमारे ६५ लाख ग्राहकांचे व्यवहार अडकले. २०१४ मध्ये समूहाला ५.६ कोटी पौंड दंड झाला.

पुण्यातील अनेक आयटी कंपन्या परदेशी ग्राहकांच्या मेनफ्रेमची देखभाल करतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची मध्यरात्र म्हणजे इथले सकाळचे साडेनऊ किंवा साडेदहा, म्हणून तिथली रात्रीची बॅच इथे दिवसाढवळ्या सांभाळता येते. या क्षेत्रात उतरणाऱ्या मराठी तरुणांनी जॉब चालवण्याच्या सूचनांची जेसीएल आणि प्रोग्रॅम लिहिण्याची कोबोल या भाषांबरोबर एसएमएफच्या नोंदी वाचायलाही शिकावे. नवे यंत्र घेण्याचा विचार त्या नोंदी वाचून झाल्यावरच करावा.