घोडा घेतला, आता साज कोणता घ्याल?



मार्गशीर्षात दत्तजयंती जवळ आली, की खान्देशातल्या घोड्यांच्या शौकिनांचे पाय सारंगखेड्याकडे वळतात. दोंडाईचा-शहादा रस्त्यावर, तापीच्या काठी एकमुखी दत्ताची ही यात्रा भरते. गाव आज नंदुरबार जिल्ह्यात असले, तरी १९९८ साली जिल्ह्याची वाटणी होईपर्यंत ते धुळे जिल्ह्यातच होते. जळगाव-धुळ्याकडची माणसे अजूनही ही यात्रा आपलीच मानतात. मारवाडी, काठियावाडी, सिंधी अशा नाना जातींची जनावरे तेथे येतात आणि लाखाच्या पुढच्या बोली लागतात. अलीकडे 'चेतक फेस्टिव्हल' या नावानेही ही यात्रा ओळखली जाते.

या दिवसांत कापसाच्या पहिल्या वेचण्या झालेल्या असतात आणि हातात चार पैसे खुळखुळत असतात. कोणाला लग्नसराईत वरातीसाठी घोडी हवी असते, तर कोणाच्या मुलाला स्वारीची हौस असते. साक्रीकडच्या ठेलारी धनगरांना मेंढरांमागे संसार वाहून नेण्यासाठी घोडे लागतेच. जनावर घेताना माणूस दोन-दोन दिवस पारख करतो, चार जाणत्यांना विचारतो. साजाच्या दुकानात मात्र अर्ध्या तासात सारे आटोपते. रंगीत गोंडे, कवड्यांच्या माळा, घुंगरांचे पट्टे, चकाकणारा कंठा आधी घेतला जातो. उरलेल्या पैशांत मिळेल तो लगाम आणि मिळेल ते खोगीर पदरात पडते.

माझे सांगणे एवढेच, की हा क्रम उलटा करा. जी वस्तू घोड्याच्या अंगाला लागते आणि जी त्याच्या पोटात जाते, तिच्यावर आधी खर्च करा. शोभा मागाहून येऊ द्या.

आधी अंगावरच्या खुणा वाचा

आधीच्या मालकाने कसला साज वापरला, हे घोड्याच्या अंगावर दिसते. सौदा करण्यापूर्वी तीन जागा पाहा. पहिली जागा ओठांचे कोपरे. तेथे चिरा, घट्टे किंवा जुने व्रण असतील, तर लगामाने तोंड फाडले आहे असे समजा. असे घोडे हाताला कठीण जाते. दुसरी जागा मानेच्या शेवटचा उंचवटा आणि त्यामागची पाठ. गडद रंगाच्या घोड्याला तेथे पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले, तर ते बहुधा खोगिराच्या जुन्या जखमांचे असतात. तिसरी जागा पुढच्या पायांमागे, तंग बसतो तेथे. ती बोटांनी चाचपा. घोडे दचकले किंवा कान मागे टाकले, तर कारण विचारा.

याच वेळी शेंबाचा रोग, म्हणजे ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याचा दाखला मागा. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित घोडा कायद्याप्रमाणे मारावा लागतो. एवढ्या मोठ्या व्यवहारात हा कागद मागण्याचा संकोच धरू नका.

लगाम

लगामाची लोखंडी कडी जिभेवर आणि दातांमधल्या उघड्या हिरडीवर बसते. कडी जितकी बारीक, तितकी ती जास्त रुतते. म्हणून गुळगुळीत, गंज नसलेली आणि बेताची जाड कडी निवडा. दुकानातच तिच्यावरून बोट फिरवा. बोटाला काही खुपले, तर ते जिभेलाही खुपेल. कडीची लांबी अशी हवी, की ओठांच्या दोन्ही बाजूंना ती जेमतेम अर्धा सेंटीमीटर बाहेर राहील. लगाम चढवल्यावर ओठाच्या कोपऱ्यात एखाद-दुसरी सुरकुती पडावी. चार सुरकुत्या पडल्या, तर तो फार वर ओढला गेला आहे.

वरातीत घोडी नाचावी म्हणून काही जण काटेरी लगाम घालतात. ती नाचते ती वेदनेने. ओढकाम व ओझ्याच्या जनावरांविषयी १९६५ साली झालेल्या केंद्राच्या नियमांनी काटे, गाठी किंवा टोके असलेला लगाम व साज वापरण्यास मनाई केली आहे. असा लगाम कोणी स्वस्तात दिला, तरी घरी आणू नका.

खोगीर, गाशा आणि तंग

'खोगीरभरती' हा शब्द आपण निरुपयोगी माणसांसाठी वापरतो. खऱ्या खोगिराच्या भरतीला मात्र फार महत्त्व आहे. भरती एका जागी गोळा झाली, की त्या जागी सगळा भार येतो आणि कातडीखाली सूज धरते. खोगीर दोन्ही हातांनी दाबून पाहा. गाठी लागल्या, तर घेऊ नका.

खोगिराचा भार कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर पडावा, कण्यावर पडू नये. स्वार बसल्यावर पुढच्या उंचवट्यावर दोन बोटे सहज जातील एवढी फट राहिली पाहिजे. आणखी एक सोपी खूण सांगतो. अर्धा तास फिरवून आणल्यावर खोगीर काढा आणि घामाचा ठसा पाहा. पाठ सारखी ओली असेल, तर खोगीर बहुधा बरे बसले आहे. ओल्या पाठीवर मध्येच एखादा कोरडा चट्टा दिसला, तर तेथे दाब जास्त पडतो आहे. पुढे जखम तेथेच होते.

खोगिराखालचा गाशा सुती असावा. कापूस आपल्या शेतातला आणि गोधडी शिवण्याचे कसब आपल्या घरच्या मायबहिणींच्या हातातले. जुन्या सुती कापडाचे थर घालून गोधडीसारखा गाशा घरीच होतो. पाठीवर येणाऱ्या बाजूला जाड शिवण, गाठ किंवा ठिगळ मात्र नको. खताच्या रिकाम्या प्लास्टिक गोणीची गादी तर कधीच नको. ती घाम शोषत नाही आणि खताचा अंश कातडीला लागतो. गाशा आठवड्यातून दोनदा धुवा आणि कडक उन्हात वाळवा.

तंग रुंद आणि मऊ असावा. तो पुढच्या पायाच्या कोपरामागे चार बोटे अंतरावर बसवा. बांधल्यावर त्यात दोन बोटे जावीत. पुष्कळ घोडी तंग आवळताना छाती फुगवतात. म्हणून थोडे चालवून पुन्हा एकदा तंग पाहावा आणि मगच रिकिबीत पाय घालावा.

चामड्याचा साज घामाने कडक होतो. रोज ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा आणि अधूनमधून हलके तेल लावा. महिन्यातून एकदा शिवण आणि वाद्या ओढून पाहा. बांधण्यासाठी नायलॉनची दोरी वापरू नका. घोड्याने ओढ घेतली, की ती कातडी सोलते. जाड सुती दोर घ्या आणि एका झटक्यात सुटेल अशी गाठ मारायला शिका.

खूर आणि नाल

खूर रोज उचलून आकडीने साफ करा. मधल्या त्रिकोणी मऊ भागाच्या खाचांत शेण, माती व खडे अडकतात आणि तेथे कुजण लागते. घाण वास आला, की समजावे. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर कापून घ्या. नाल असेल, तर त्याच वेळी काढून पुन्हा बसवा. बैलाच्या दुभंगलेल्या खुराला वेगळ्या पत्र्या लागतात. घोड्याचा खूर अखंड असतो, म्हणून बैलाला पत्र्या मारणारा माणूस घोड्याचे काम जाणतोच असे नाही. इंजिनाचे जळके तेल खुरांना फासू नका. खुराला तेलापेक्षा कोरड्या, स्वच्छ जागेचा उपयोग जास्त.

खिळा किंवा तार टोचल्याने होणारा धनुर्वात सगळ्या पाळीव जनावरांत घोड्याला सर्वांत लवकर गाठतो. घोडा घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात धनुर्वाताची लस टोचून घ्या.

खरारा, बादली, तोबरा

रोज खरारा केल्याने धूळ निघते आणि हात अंगावर फिरल्याने सूज, गोचीड, जखम लवकर कळते. लोखंडी खरारा हाडाळ भागावर, म्हणजे तोंड आणि गुडघ्याखाली, वापरू नका. तेथे मऊ ब्रश किंवा फडके पुरते. कपड्याचा साबण अंगाला लावू नका.

यात्रेत जुना खरारा, जुना लगाम किंवा जुना तोबरा स्वस्तात मिळतो. ग्लँडर्स, घशाच्या गाठींचा रोग, गजकर्ण हे सारे अशा वस्तूंतून घरी येऊ शकते. घोड्यागणिक लगाम, तोबरा, बादली आणि ब्रश वेगळा ठेवा. बाजारात सर्वांच्या हौदावर पाणी पाजण्याऐवजी आपली बादली भरून पाजा.

चंदी संपली, की तोबरा लगेच उतरवा. तोबरा तोंडाला असताना घोडे पाण्याकडे गेले, तर त्याचा जीव गुदमरतो. घोडा विकणाऱ्याला तो काय चारत होता हे विचारून घ्या, चार-आठ दिवसांचा तोच चारा सोबत आणा आणि बदल हळूहळू करा. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात घामावाटे मीठ फार जाते. गव्हाणीत खडेमिठाचा खडा आणि समोर भरपूर पाणी ठेवा.

गोठ्यातले औषध घोड्याला नको

आपल्या घरी गाई-बैल आधीपासून असतात. त्यामुळे त्यांच्यासाठी आणलेले सहज घोड्यालाही दिले जाते. येथे मोठा धोका आहे. घोड्याला गाईसारखी कोठीपोटाची सोय नाही आणि त्याला ओकताही येत नाही. पोटात गेलेले विष बाहेर टाकण्याचा मार्गच त्याच्याजवळ नाही.

तीन गोष्टी घरातल्या सर्वांना सांगून ठेवा. पहिली, गोचिडांसाठी गाईंना वापरतात ते अमिट्राझ घोड्याला लावू नका. त्याने आतड्यांची हालचाल मंदावते आणि जीवघेणा पोटशूळ उठतो. दुसरी, कोंबडीखाद्य घोड्यापासून दूर ठेवा. काही कोंबडीखाद्यांत आणि गुरांच्या काही मिश्रणांत मोनेन्सिन हे औषध असते. कोंबडीला ते तारते, पण घोड्याच्या हृदयावर घाला घालते. तिसरी, बुरशी धरलेला मका. ओल्या खळ्यावरचा काळा-गुलाबी पडलेला मका बाजूला काढून कोणी घोड्यापुढे टाकतो. त्यातले विष घोड्याचा मेंदू नासवते आणि त्यावर इलाज नाही.

घोडे पोटाकडे वळून पाहू लागले, जमीन उकरू लागले, वारंवार लोळू लागले, तर घरगुती काढ्यात वेळ घालवू नका. पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. घरात एक थर्मामीटर असावा. निरोगी घोड्याचे तापमान साधारण ९९.५ ते १०१.५ अंश फॅरनहाइट असते. फोनवर हा आकडा सांगता आला, तर डॉक्टरांना मोठी मदत होते.

स्वारासाठी

घोड्याची किंमत लाखात मोजणारा माणूस मुलाला मात्र चपलांवर बसवतो. चप्पल रिकिबीतून आरपार सरकते आणि पडलेला स्वार पायाने अडकून फरपटत जातो. अर्धा-पाऊण इंच टाचेचा बंद बूट घाला. रिकीब बुटापेक्षा एक इंच रुंद असावी. घोडेस्वारीचे शिरस्त्राण घेऊन त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधा. धरायची दोरी मनगटाला किंवा कमरेला कधीही गुंडाळू नका.

खरेदीचा क्रम

यात्रेला जाताना ही यादी खिशात ठेवा: मोरकी आणि सुती दोर, गुळगुळीत कडीचा लगाम, बसते खोगीर, सुती गाशा, रुंद तंग, खुराची आकडी, खरारा आणि ब्रश, स्वतंत्र बादली व तोबरा, स्वाराचे शिरस्त्राण आणि बूट. धनुर्वाताच्या लसीचे आणि नालबंदाचे पैसे बाजूला काढा. एवढे होऊन काही उरले, तर गोंडे आणि घुंगरू जरूर घ्या. हौसेला मोल नसते, पण ती यादीत शेवटी असावी.

आणि एक सवय लावून घ्या, तिला पैसा लागत नाही. रोज खोगीर उतरवल्यावर उघड्या तळव्याने पाठ आणि तंगाची जागा चाचपा. घरातल्या कोणालाही हे जमेल. एखादी जागा गरम लागली, सुजलेली वाटली किंवा हात लागताच कातडी थरथरली, तर दुसऱ्या दिवशी खोगीर चढवू नका, मग दाराशी वरातीची सुपारी घेऊन कोणी का आलेले असेना.