आजीसाठी अरंगेत्रम आणि नवा कॅमेरा



सिंगापुरात संध्याकाळ म्हणून काही नसतंच. विषुववृत्त हाकेच्या अंतरावर, त्यामुळे बारा महिने सातच्या सुमारास सूर्य मावळतो आणि साडेसातला काळोख. ऑफिसातून सुटलेल्या माणसाच्या वाट्याला उरतो तो अंधार. म्हणून कॅमेरा घ्यायला निघालेला इथला मराठी माणूस आधी विचारतो, "कमी उजेडात कसा चालतो?" आणि उत्तर ठरलेलं असतं: फुल फ्रेम मिररलेस घ्या.

माझा प्रश्न जरा जास्त नेमका आहे. लेकीचं अरंगेत्रम ठरलंय. आई नाशिकला असते, वय ८२, आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नकार दिलाय. नातीचं अरंगेत्रम ती फक्त टीव्हीवर बघणार. मागे एका कार्यक्रमाचं कोणीतरी फोनवर केलेलं चित्रण तिला पाठवलं होतं. सगळ्या मुलींचे चेहरे पांढरे फटक. आईने दोनदा बघून विचारलं, "यातली आपली कुठली रे?" तेव्हापासून कॅमेऱ्याचा विषय घरात आहे. अर्थमंत्र्यांची मंजुरीही मिळाली आहे, पण "खर्च कशावर आणि का" हे पटवून द्यायच्या अटीवर.

तर हिशेब असा. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. त्याखालचा एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६ चा. क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून थोडं जास्त, म्हणजे फायदा एका स्टॉपपेक्षा जरासा अधिक. आता लेन्सकडे बघा. बॉडीबरोबर बऱ्याचदा एफ ४ चा झूम गळ्यात मारतात. त्याऐवजी एफ १.८ ची साधी प्राइम लावली तर सुमारे पाचपट प्रकाश आत येतो. एफ ४ ला जिथे आयएसओ ६४०० लागेल तिथे १३०० वर भागतं. थोडक्यात, भारी बॉडी घेऊन पुढे मंद लेन्स लावणं म्हणजे दाराला पितळी कडी आणि खिडक्या बंद.

मग बॉडी कुठली? अंधारातला राजा म्हणून सगळे सोनी ए७एस-३ चं नाव घेतात. २०२० साली आला, सेन्सर फक्त १२ मेगापिक्सेलचा, अमेरिकेत जाहीर झालेली किंमत ३,४९९ डॉलर. चित्रणासाठी उत्तमच. पण त्याच बॉडीने घरचे फोटोही काढायचे असतील तर १२ मेगापिक्सेल कमी पडतात, आणि मोठ्या सेन्सरचं चित्र टीव्हीच्या आकाराला आणलं की २४ किंवा ३३ मेगापिक्सेलवाल्यांचे दाणेही बरेचसे विरतात. सोनी ए७-४ (२०२१), कॅनन आर६ मार्क-२ (२०२२) आणि निकॉन झेड६-३ (२०२४) हे तिघेही अमेरिकेत २,४९९ डॉलरला जाहीर झाले. पॅनासॉनिक एस५-२ जानेवारी २०२३ मध्ये १,९९९ ला. त्यात पंखा आहे, सलग चित्रणाला वेळेची मर्यादा नाही, आणि पूर्वी या कंपनीची दुखरी नस असलेला ऑटोफोकस फेज डिटेक्शन आल्यावर सुधारला. ४के ५०पी ला चित्र कडेने कापलं जातं खरं, पण मला २५पी पुरतं.

वेळेची मर्यादा किरकोळ वाटते, पण नृत्याच्या घरात ती किरकोळ नाही. सलग ३० मिनिटं चित्रण करणारा कॅमेरा युरोपात व्हिडिओ कॅमेरा धरला जाई आणि त्यावर जकात बसे, म्हणून कंपन्या २९ मिनिटांवर चित्रण थांबवत. सेकंडहँड २०१८ चा ए७-३ स्वस्तात मिळतो, पण त्यालाही ही मर्यादा आहे. अरंगेत्रमचा गाभा म्हणजे वर्णम, आणि ते सहज अर्धा तास पार करतं. (हा अलारिप्पू ते तिल्लाना क्रम बसवणारे चार भाऊ तंजावरच्या आपल्या सरफोजीराजांच्या दरबारातले. सिंगापुरातल्या मराठी मुलीने भरतनाट्यम का शिकावं, असं विचारणाऱ्यांना मी हे ऐकवतो.)

लेन्स ८५ मिलिमीटर, एफ १.८. स्टेजपासून १५ मीटरवर बसलं तर साधारण सहा मीटर रुंदी चौकटीत येते, एकटीच्या नृत्याला पुरेशी. एफ १.८ वर फोकस पुढेमागे मिळून तीनेक मीटर टिकतो, म्हणजे ती दोन पावलं पुढे आली तरी चालेल. चित्रण ४के मध्ये, आईला पाठवायचं फुल एचडी. त्यामुळे मागाहून दुप्पट जवळ जाता येतं, डोळ्यांचा अभिनय दिसतो. सेकंदाला १०० मेगाबिट धरले तर तासाला ४५ जीबी, अडीच तासांचं मावायला १२८ जीबीचं कार्ड लागेल.

पांढऱ्या फटक चेहऱ्यांना मात्र कुठलाच कॅमेरा आपोआप वाचवत नाही. मागचा काळा पडदा बघून ऑटो एक्स्पोजर सगळं उजळवायला जातं आणि चेहरा जळतो. एक्स्पोजर मॅन्युअल ठेवायचं, झेब्रा चालू करून चेहऱ्यावर बघायचं, व्हाइट बॅलन्स बांधून टाकायचा. शटर १/५०, कारण इथली वीज आपल्याकडच्यासारखीच ५० हर्ट्झची. आणि आवाज! कॅमेऱ्याचा माइक हॉलचा एसी आणि शेजारच्याच्या चिप्सच्या पाकिटाचा आवाज इमानेइतबारे टिपतो. नट्टुवांगम आणि मृदंगम हवं असेल तर साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वेगळ्या रेकॉर्डरवर घ्यायचं. हा खर्च मी बॉडीच्या आधी धरलाय.

खरेदीला सिटी हॉल एमआरटीजवळच्या पेनिन्सुला भागात जाणार. जानेवारी २०२४ पासून जीएसटी ९ टक्के आहे, तो धरूनच भाव विचारावा. शिवाय ड्राय कॅबिनेट. इथल्या दमटपणात कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी चढते, त्यामुळे ४०-५० टक्क्यांची पेटी ही चैन नव्हे. एसीतून बाहेर आल्यावर काच धुकट होते तेही लक्षात ठेवावं.

सध्या बेत असा: रंगीत तालमीच्या रविवारी एस५-२ आणि ८५ भाड्याने आणायची, त्याच हॉलमध्ये, त्याच दिव्यांखाली. पाच मिनिटांचा तुकडा आईला पाठवायचा, आणि तोही साध्या ८-बिट एच.२६४ मध्ये, कारण १०-बिट ४:२:२ तिचा जुना टीव्ही उघडणार नाही. भाची पेन ड्राइव्ह लावून देईल. आईने नातीला ओळखलं की सोमवारी पेनिन्सुला.