रोमान्सवाल्यांचं संमेलन, आणि मला आत सोडणारी माणसं

लोकलमध्ये लटकत असाल, भांडी घासत असाल, अभ्यासाचं पुस्तक पुढ्यात उघडं ठेवून नुसतेच बसला असाल, जिथे असाल तिथे हेडफोन नीट लावा. आजचा भाग जरा मोठा आहे.

झालं असं, की मागच्या महिन्यात एका मैत्रिणीची व्हॉइस नोट आली. "ताई, तू मागे सहज बोलून गेलीस की न्यूयॉर्कला रोमान्स कादंबऱ्यांच्या संमेलनाला गेले होते म्हणून. असं संमेलन असतं? तिथे करतात काय? आणि तुला आत कोणी सोडलं?"

तिसरा प्रश्न मला फार आवडला. त्याचं उत्तर 'बऱ्याच जणांनी मिळून' असं आहे, आणि त्यांचे आभार कुठेतरी नीट मानायचेच होते. पण आधी पहिले दोन प्रश्न.

संमेलन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मांडव येतो, ग्रंथदिंडी येते, अध्यक्षांचं भाषण आणि जेवणाची रांग येते. हे तसं नाही. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका नावाची लेखकांची संस्था आहे. लेखिकांचीच म्हणा ना, पुरुष अगदी बोटांवर मोजण्याइतके. ही संस्था दरवर्षी एखाद्या शहरातलं मोठं हॉटेल चार दिवस धरायची. मी गेले ते २०१९ च्या जुलैमधलं, टाइम्स स्क्वेअरच्या मॅरियट मार्क्वी हॉटेलातलं. (कधी गेलात तर लॉबी तळमजल्यावर शोधू नका, ती आठव्या मजल्यावर आहे.)

रोमान्स म्हणजे काय, याची या लोकांची व्याख्या अगदी पक्की आहे. अटी दोनच. गोष्टीच्या केंद्रस्थानी प्रेम हवं, आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. म्हणजे 'देवदास' रोमान्स नाही. तुम्ही कितीही रडला असाल तरी नाही.

आता ही संस्था मुळात निघाली का, ते ऐका, कारण गोष्ट मजेशीर आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकेत ज्या छोट्या रोमान्स कादंबऱ्या खपायच्या, त्या बहुतेक हार्लेक्विनच्या. हार्लेक्विन कॅनडाची कंपनी, आणि १९७१ मध्ये तिने आपल्याला माहीत असलेली ब्रिटिश मिल्स अँड बून विकत घेतली. म्हणजे वाचणाऱ्या बायका अमेरिकन आणि लिहिणाऱ्या बहुतेक ब्रिटिश. नोरा रॉबर्ट्स हे नाव आज रोमान्समध्ये केवढं मोठं आहे. सुरुवातीला तिला तिथून नकार मिळाला होता, आणि कारण काय, तर आमच्याकडे एक अमेरिकन लेखिका आधीच आहे. एक! जागा भरली, निघा. १९८० मध्ये प्रतिस्पर्धी म्हणून सिल्हूट ही मालिका निघाली, आणि नोराची पहिली कादंबरी १९८१ मध्ये तिथून आली.

त्याच १९८० मध्ये ह्यूस्टनला ही संस्था सुरू झाली. त्यामागे व्हिव्हियन स्टीफन्स ही कृष्णवर्णीय संपादक होती. डेल प्रकाशनात असताना तिने अमेरिकन लेखिकांना शोधून शोधून छापलं, आणि कृष्णवर्णीय नायक-नायिका असलेली रोमान्स कादंबरीही तिनेच आणली. नवख्या बाईला प्रकाशकाचं दार कुठे आहे, ते ठोठवायचं कसं, करारात काय बघायचं, हे सांगणारं कोणीतरी हवं, ही त्यामागची कल्पना. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

बरं, तिथे करतात काय?

गळ्यात बॅज अडकवतात, आणि बॅजखाली रंगीत रिबिनी चिकटवतात. पहिल्यांदाच आलेलीची रिबीन वेगळी, स्वयंसेवकाची वेगळी, पुरस्काराच्या अंतिम यादीत असेल तिची वेगळी. काही जणींची रिबिनींची माळ पार पोटापर्यंत! मला आधी हे शाळेच्या गॅदरिंगसारखं वाटलं. तासाभरात उपयोग कळला. पहिल्यांदा आलेलीची रिबीन बघून अनोळखी बायका थांबायच्या आणि आपणहून विचारायच्या, "जेवायला कोणी आहे का सोबत?" दिवसभर वर्ग चालू. करार कसा वाचायचा, इंग्लिश सरदारांच्या पदव्या चुकवायच्या कशा नाहीत, भांडणाचा प्रसंग कुठवर ताणायचा. प्रकाशक चक्क फुकट पुस्तकं वाटतात, आणि सगळ्याजणी रिकामी पिशवी घेऊन शांतपणे रांगेत. पुस्तकांसाठी इतकी शिस्तीची रांग मी आयुष्यात पाहिली नव्हती.

शिवाय सह्यांचा कार्यक्रम. हा सगळ्यांना खुला असायचा, नोंदणीची गरज नाही. मोठ्या हॉलमध्ये शेकडो लेखिका आडनावाच्या अक्षरानुसार लांबलचक टेबलांवर बसतात. तुम्ही पुस्तक घ्यायचं, सही घ्यायची, आणि पैसे साक्षरतेच्या कामाला जातात. वर्षानुवर्षं असं करत या एका कार्यक्रमातून दहा लाख डॉलरच्या वर निधी जमलेला आहे. ज्यांच्या पुस्तकांना लोक 'टाइमपास' म्हणतात, त्यांनी कोणाला तरी वाचायला शिकवायचा खर्च उचलला, हे मला जाम आवडलं.

आणि पिच. एजंट किंवा संपादकासमोर मोजून काही मिनिटं बसायचं आणि आपली कादंबरी सांगायची. माझ्याकडे एक हस्तलिखित होतं. साताऱ्याची नर्स, न्यू जर्सीतलं हॉस्पिटल, रात्रपाळी, आणि एक अतिशय चिडका फार्मासिस्ट. खोलीबाहेर खुर्च्यांची रांग होती आणि आम्ही सगळ्याजणी तोंडी परीक्षेला आल्यासारख्या ओठ हलवत पाठांतर करत होतो.

तिथे दाराशी एक स्वयंसेविका होती, सत्तरीची असावी. हातात यादी, गळ्यात घड्याळ. माझा कागद बघून म्हणाली, "एवढं सगळं सांगू नकोस. एकच सांग, या दोघांना एकत्र यायला अडचण काय आहे?" मी म्हटलं, तिला कर्ज फेडून परत जायचंय आणि त्याला कधीच परत जायचं नाहीये. ती म्हणाली, "हेच सांग आणि गप्प बस." मी तेवढंच सांगितलं. एजंटबाईंनी पहिली तीन प्रकरणं पाठवायला सांगितली. दोन महिन्यांनी नकार आला, सभ्य, चार ओळींचा. पण तो प्रश्न आजही माझ्या टेबलासमोर चिकटवलेला आहे. कोणतीही गोष्ट सुचली की आधी तो. तर त्या घड्याळवाल्या बाईंना माझा पहिला नमस्कार. चार दिवस दारात उभं राहायचे तिला कोणी पैसे दिले नव्हते.

पैशांचं बोलू या, कारण तुम्ही विचारणारच. नोंदणी काही शे डॉलरची, खोली वेगळी, आणि टाइम्स स्क्वेअरची खोली म्हणजे विचारू नका. मी एडिसनहून रोज ट्रेनने येऊन-जाऊन केलं. पेन स्टेशनवर उतरायचं आणि चालत सुटायचं. आमच्या न्यू जर्सीच्या शाखेतली एक मैत्रीण हॉटेलातच राहिली होती. पुरस्काराच्या रात्री तिने सांगितलं, "शेवटची ट्रेन पकडत धावू नकोस, माझ्या खोलीत दुसरा बेड रिकामा आहे." हा आभार क्रमांक दोन.

त्या रात्रीबद्दल थोडं. या संस्थेचा पुरस्कार होता रिटा, पहिल्या अध्यक्ष रिटा क्ले एस्ट्राडा यांच्या नावाचा. रोमान्समधलं ऑस्करच समजा. २०१८ मध्ये संस्थेनेच जाहीर केलं होतं, की इतक्या वर्षांत अंतिम यादीत आलेल्या पुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखिकांची पुस्तकं अर्धा टक्कासुद्धा नाहीत, आणि जिंकलेली तर एकही नाही. संस्थेच्या मुळाशी व्हिव्हियन स्टीफन्स असताना! २०१९ ला ते मोडलं. केनेडी रायन आणि एम. मलोन या दोघी जिंकल्या. आणि किशोरवयीन रोमान्सचा पुरस्कार गेला निशा शर्माच्या 'माय सो-कॉल्ड बॉलिवूड लाइफ'ला. नायिकेला सिनेमाचं वेड, घरात कुंडलीची भविष्यवाणी, सगळा आपल्या ओळखीचा मामला. मी मागच्या रांगेत होते. शेजारची बाई रडत होती, मीही रडले, दोघींनी एकच टिश्यू फाडून घेतला. तिचं नाव मला माहीत नाही.

पुढचं मात्र गोड नाही. त्याच डिसेंबरमध्ये संस्थेने कोर्टनी मिलन या लेखिकेवर कारवाई केली. तिने एका पुस्तकातलं चिनी माणसांचं चित्रण वंशद्वेषी आहे असं जाहीरपणे म्हटलं होतं, त्यावर तक्रारी झाल्या होत्या. सदस्य इतके भडकले की कारवाई मागे घ्यावी लागली, पदाधिकाऱ्यांचे राजीनामे पडले, २०२० चे रिटा रद्द झाले. नंतरच्या नव्या पुरस्काराला नाव दिलं व्हिव्हियन. पण तोवर लोक निघून गेले होते. जवळपास दहा हजार सदस्यांची संस्था दोन हजारांवर आली आणि मे २०२४ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

यात एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. देणं कोणाचं होतं, तर मुख्यतः हॉटेलांचं, तीस लाख डॉलरच्या आसपास. एवढी मोठी संमेलनं ठरतात ती काही वर्षं आधी. करार करताना संस्था हॉटेलला शब्द देते, की आमचे लोक इतक्या खोल्या घेतील, खाण्यापिण्यावर इतका खर्च होईल. त्या बदल्यात हॉल सवलतीत मिळतात. लोक कमी आले तरी फरक संस्थेने भरायचा. म्हणजे आपल्याकडे लग्नाला हॉल आणि केटरर पाचशे पानांचा ठरवला आणि जेवायला शंभरच आले, तसं. भांडण झालं पुरस्कारांवरून आणि वागणुकीवरून, पण संस्थेच्या गळ्याशी आलं खोल्यांचं बिल. 'त्यांनी उगाच राजकारण आणलं म्हणून संस्था बुडाली' असं म्हणणारे आहेत. मला पटत नाही. दार उघडून द्यायलाच जी संस्था निघाली, तिथे काही जणींसाठी दार अर्धंच उघडत होतं. त्या ते बोलल्या, इतकंच.

आता आभार क्रमांक तीन, माझ्या सासूबाई. त्या नाशिकहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, म्हणून तर चार दिवस लेकीला घरी ठेवून मला जाता आलं. कसलं संमेलन आहे हे त्यांना सांगायला मी जरा घाबरतच होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे काकोडकरांसारखं होय!"

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना चंद्रकांत काकोडकर हे नाव माहीत नसेल. मराठीत प्रेमकथा प्रचंड वाचल्या गेलेला हा लेखक. राजेश खन्नाचा 'दो रास्ते' त्यांच्या 'नीलांबरी'वरून निघाला. १९६२ च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात त्यांची 'शामा' ही कथा आली आणि अश्लील म्हणून खटला उभा राहिला. तो थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९६९ मध्ये कोर्टाने सांगितलं, कथा अश्लील नाही. एका प्रेमकथेला सात वर्षं! उलट ना. सी. फडके प्रेमकथाच लिहायचे, आणि ते १९४० मध्ये रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. म्हणजे मांडवात बसायची सोय होती, पण प्रत्येकाची नव्हती.

"आमच्याकडे ती पुस्तकं उशीखाली असायची," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांना वाटायचं, मी पोथी वाचते." [हसू]

आमच्या सांगलीतल्या वाचनालयाचे काकाही याच यादीत. मी आठवीत असल्यापासून ते मिल्स अँड बूनला वर्तमानपत्राचं कव्हर घालून द्यायचे आणि वर माझ्या हस्ताक्षरासारख्या अक्षरात 'भूगोल' लिहायचे. आईने कधी विचारलं तर म्हणायचे, "पोरगी फार वाचते हो, इंग्रजी सुधारेल." सुधारलं, काका.

संमेलनाहून मी दोन पिशव्या पुस्तकं आणली. सासूबाईंनी सगळी कव्हरं नीट पाहिली, एक-दोन उघड्या छातीचे नायक चष्मा लावून पाहिले, आणि एक पुस्तक बाजूला काढलं. म्हणाल्या, "मला इंग्रजी नाही वाचता येत. तू मराठीत सांग." मग रोज रात्री लेक झोपली की मी स्वयंपाकघरात बसून त्यांना एकेक प्रकरण मराठीत सांगायचे. त्या मधेच थांबवायच्या, "तो असं का म्हणाला?" विचारायच्या, नायकाला शिव्या घालायच्या. एकदा गंमत म्हणून मी ते फोनवर रेकॉर्ड केलं.

तोच या पॉडकास्टचा पहिला भाग. तेव्हा ऐकणारी एकच होती, आणि ती नवव्या प्रकरणाला झोपून गेली होती.